मंडईचा पत्ता

आमच्या घरात ताणाला ताण म्हणायची पद्धत नव्हती. नवरा संध्याकाळी दारात बूट काढता काढता "डोक्याला शॉट आहे" म्हणायचा. म्हणजे त्याच्या ऑफिसातली सिस्टीम बंद पडलेली असायची, आणि ती त्याने बंद पाडलेली नसली तरी चालू त्यालाच करायची असायची. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की पाहुण्यांचं करता करता आपला कसा पिट्ट्या पडला ते त्या सांगायच्या. माझा शब्द मंडई. "माझ्या डोक्याची मंडई झालीये," हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी म्हणत असे, आणि ते म्हणून झालं की कुकर लावत असे.

पुण्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. एकजण कोथिंबिरीचा भाव ओरडतोय, दुसरा त्याच्यावर आवाज चढवून मेथीचा, मागून हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येतोय, पायाखाली कोबीची पानं, आणि आपण नेमकं काय घ्यायला आलो होतो तेच आठवत नाही. डोक्याच्या आत तसं झालं की डोक्याची मंडई झाली.

अशा शब्दांचा मोठा फायदा असा की ऐकणाऱ्याला काही करावं लागत नाही. "मी दमून गेलेय, मला झेपत नाही" म्हटलं की समोरच्याला उठून पाणी आणावं लागतं, निदान चेहरा तरी गंभीर करावा लागतो. "मंडई झालीये" म्हटलं की तो नुसतं "हं" करतो आणि पेपरचं पान उलटतो. बोलणारीचं बोलून होतं, ऐकणाऱ्याचं काही जात नाही. मला ही सोय फार आवडायची, अजूनही आवडते. फक्त तेव्हा आमच्या घरात एक माणूस असं होतं की जे "हं" करून सोडून देत नव्हतं, आणि हे कळायला मला सहा महिने लागले.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. सिंगापूरला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली होती. सेंगकांगला अकराव्या मजल्यावर फ्लॅट होता आणि मी तुआसला, जहाजांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात होते. सेंगकांग बेटाच्या एका बाजूला, तुआस पार दुसऱ्या टोकाला. सकाळी एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटीची मोठी, मग ती बदलून दुसरी एमआरटी, आणि बून ले स्टेशनपासून पुढे कंपनीची बस. जायला पावणेदोन तास, यायला तेवढेच. काम असं की जहाज बंदरात तीन दिवस थांबणार, त्याला लागणारा व्हॉल्व्ह चौथ्या दिवशी येणार, आणि मधल्या एका दिवसाचं काय करायचं ते मी बघायचं.

ऑफिसातही ताणाला कोणी ताण म्हणत नव्हतं. नको असलेलं काम साहेबाने कुणाच्या गळ्यात मारलं की त्याला "एरो" लागला म्हणायचे, बाण लागल्यासारखा. माझ्या शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीची चिनी बाई होती, सगळे तिला आंटी म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने फोन खाली आपटला आणि मला शांतपणे सांगितलं की तिला रक्ताची उलटी झाली आहे. "व्हॉमिट ब्लड ऑलरेडी." मी टिश्यूचा डबा घेऊन तिच्याकडे धावले आणि डॉक्टरला बोलवू का म्हणून विचारलं. अख्खा विभाग हसून खुर्च्यांत कोसळला. तिकडे काम डोक्यावरून गेलं की असंच म्हणतात, हे मला नंतर समजावण्यात आलं. पुढे दोन आठवडे लोक माझ्या टेबलाजवळून जाताना मुद्दाम खोकायचे आणि टिश्यू मागायचे.

हे मी एवढ्यासाठी सांगते आहे की कुणाच्या तरी बोलीतला शब्द सरळ अर्थाने घेतला की काय होतं, ते मी स्वतः करून बसले होते. तरी तेच माझ्या घरात, माझ्याच शब्दाचं होतंय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आमची मुलगी तेव्हा सहावीत होती. सहावीला तिकडे पीएसएलई नावाची परीक्षा असते. पुढची शाळा कोणती मिळणार ते त्यावर ठरतं, त्यामुळे त्या वर्षी घराघरात दहावीचं वातावरण असतं. सिंगापूरला आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, लिफ्टमध्ये भेटणारी माणसं इंग्रजी. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, वर वाक्याच्या शेवटी तिकडचा एक "लाह" ठेवून द्यायचं. तिचं मराठी आमच्या घरात व्हिजिट पासवर आल्यासारखं असायचं: येणं-जाणं होतं, मुक्काम नव्हता.

पण बडबडी होती. शाळेतून आली की मला ऑफिसात फोन करायची आणि बसमध्ये कोण कुणाशेजारी बसलं इथपासून सुरुवात करायची. माझी मंडई तर तिच्या फार आवडीची होती. मी मंडई झाल्याचं जाहीर केलं की ती पुस्तकातून मान वर करून विचारायची, "आई, टुडे व्हिच ॲनिमल?" आज कोणता प्राणी? मला वाटायचं, काय कल्पक पोर आहे, मंडईत मोकाट जनावरं शिरली असं म्हणतेय. मीही सांगायची, आज माकडं, आज हत्ती. आम्ही दोघी हसायचो. एकाच विनोदाला हसतोय असा माझा समज होता.

त्या जानेवारीत आमच्या मजल्यावरचे एक म्हातारे चिनी गृहस्थ वारले. ब्लॉकच्या तळमजल्यावर जी मोकळी जागा असते, तिथे मांडव घालून पाच दिवस त्यांचं कार्य चाललं. गोल टेबलं, शेंगदाणे, सोनेरी कागदांच्या घड्या, येणारी-जाणारी माणसं. त्यांची नात आमच्या मुलीच्याच शाळेत होती, म्हणून ही रोज खाली जाऊन तिच्याजवळ थोडा वेळ बसायची. पाचव्या दिवशी नातेवाइकांना घेऊन बस निघाली. त्या संध्याकाळी मी फरसबी मोडत होते. मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली आणि चक्क मराठीत तिने विचारलं,

"आई, मंडईला गेलेला माणूस परत येतो?"

मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी हिला माझ्या शब्दाबद्दल कुतूहल वाटलं. मी म्हटलं, "कोण गेलंय त्यावर आहे. तुझ्या बाबांना पाठवलं तर विसरायचंच."

ती हसली नाही. विनोद फसला असं समजून मी फरसबी पुढे मोडत राहिले.

त्यानंतर तिची बडबड कमी कमी होत गेली. एकदम नाही. आधी ऑफिसातला फोन बंद झाला. मग जेवताना काय झालं शाळेत म्हटलं की "नथिंग" येऊ लागलं. जेवत होती, झोपत होती, गृहपाठ करत होती. मी हिशोबी बाई आहे. या तीन गोष्टी जागेवर असल्या की मूल ठीक आहे असं धरून चालायचे. खरं सांगायचं तर त्या शांततेचं मला बरंच वाटलं. पावणेदोन तास उभं राहून घरी आल्यावर कुणी काही मागत नाही, सांगत नाही, यात वाईट काय? नवरा एकदा म्हणाला, ही गप्प गप्प असते हल्ली. मी म्हटलं, वय आहे.

गणिताचे गुण मात्र घसरू लागले. चाचणीत आधी थोडे, मग बरेच. मी शिकवणी लावली. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, गणित येतं तिला, आकडे चुकीचे उतरवते. मी मुलीला म्हटलं, लक्ष देत जा. ती हो म्हणाली. तिच्या बाजूने बोलायला तिच्याकडे काहीतरी असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथे गर्दी होती.

जूनची सुट्टी संपून दोन आठवडे झाले असतील. तुआसला मी फोनवर एका पुरवठादाराशी भांडत होते, तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर शाळेतून फोन आला. मुलीच्या वर्गशिक्षिका बोलत होत्या, त्याच तिला इंग्रजी शिकवायच्या. तिशीच्या मलाय बाई, पालकसभेत एकदा भेटले होते. त्यांनी फार जपून विचारलं की माझी तब्येत कशी आहे. मी बरी आहे म्हटलं. उपचार चालू आहेत का? कसले उपचार? त्यांनी आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाल्या, फोनवर नको, उद्या येता येईल का? मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आंटीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, माझ्या मुलीच्या बाईंच्या मते मी आजारी आहे. आंटीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दिसतेस खरी, असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या एका लहानशा खोलीत बाईंनी माझ्यासमोर निबंधाची वही ठेवली. विषय होता, मला जिची काळजी वाटते अशी व्यक्ती. मुलीने अर्थातच इंग्रजीत लिहिलं होतं. मला आठवतं तसं मी मराठीत देते.

माझी आई रोज संध्याकाळी सांगते की तिचं डोकं मंडाईला गेलं आहे. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं की तिच्या डोक्यात प्राणी आहेत, कारण मंडाईला झू आहे. आता मला माहीत आहे की मंडाईला काय आहे. आई म्हणते की माझ्यामुळे तिचं डोकं मंडाईला जातं. म्हणून मी ठरवलं आहे की तिला काही त्रासाचं सांगायचं नाही. मी काही सांगितलं नाही, तर ते इथेच राहील.

बेटाच्या उत्तरेला मंडाई नावाचा भाग आहे. तिथे प्राणिसंग्रहालय आहे, लहानपणी तिच्या शाळेची सहल तिथेच गेली होती. आणि तिथेच प्रेतं दहन करायची दाहिनी आहे. आमच्या मजल्यावरच्या आजोबांना निरोप द्यायला ती बस तिकडेच गेली होती. सिंगापूरमध्ये कुणी मंडाईला गेलं म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा झूला गेलेलं नसतं. हे सगळं मला माहीत होतं. पण माझी मंडई पुण्यात होती आणि मंडाई नकाशावर होती. दोन्ही शब्द माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आले नाहीत. तिच्याकडे एकच मंडाई होती. तिला पुण्यातली दुसरी कुणी दाखवलेलीच नव्हती. सुट्टीत गेलो की भाजी आईच्या दारात हातगाडीवर यायची.

"माझ्यामुळे" हेही खरं होतं. फेब्रुवारीत एकदा रात्री आठ वाजता तिने उद्या शाळेत आइस्क्रीमच्या तीस काड्या न्यायच्यात म्हणून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "तुझ्यापायी माझ्या डोक्याची मंडई झालीये." असं आणखीही एकदोनदा म्हटलं असेल. आई मुलांना म्हणते तसं.

बाईंना खुलासा करणं भाग होतं. मी माझ्या खरेदी विभागाच्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे डोकं फार भरून आलं की डोक्याचा भाजीबाजार झाला असं म्हणतात, आणि भाजीबाजाराला मंडई म्हणतात. त्यांनी विचारलं, "वेट मार्केट?" भाजी-मासळीच्या ओल्या फरशीच्या बाजाराला तिकडे तसं म्हणतात. मी हो म्हटलं. "तुमचं डोकं वेट मार्केट होतं?" मी म्हटलं, रोज. त्यांनी तोंडावर हात धरला. मग तो हात काढला आणि हसल्या, मलाही हसू आलं, आणि सहा महिने कुणीतरी छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरावं तसं आम्ही दोघी हसलो. फक्त ते माझ्या छातीवर नव्हतंच कधी.

बाई विषय तिथेच संपवू शकल्या असत्या. तीस-पस्तीस मुलं, सहावीचं वर्ष, बाहेर व्हरांड्यात आणखी एक पालक बसलेला. पण डोळे पुसून त्या म्हणाल्या,

"मॅडम, तिचा शब्द चुकला. वाक्य चुकलेलं नाही."

मला लगेच कळलं नाही. त्यांनी वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मंडाई असो नाहीतर मार्केट, मूल घरात काही सांगत नाही, कारण सांगितलं की आईचं डोकं फिरतं, असं त्याला वाटतं. हे तर खरं आहे ना? मग त्यांनी विचारलं, डोळ्यांच्या चिठ्ठीचं काय केलंत? कोणती चिठ्ठी, मी म्हटलं. मार्चमध्ये शाळेत मुलांचे डोळे तपासले होते, आमच्या मुलीला चष्मा लागेल अशी चिठ्ठी घरी पाठवली होती, त्यांनी दोनदा आठवण करून दिली होती. दोन्ही वेळा मुलीने सांगितलं होतं की आई खूप बिझी आहे.

शिकवणीच्या बाई म्हणाल्या होत्या, आकडे चुकीचे उतरवते.

मुलीला बोलावलं. ती दारात आली, वही उघडी पाहिली आणि तिथेच उभी राहिली. मी काही फार शहाणपणाचं बोलले असं नाही. मी मराठीत म्हटलं की माझं डोकं कुठेही गेलेलं नाही, इथेच आहे, मी ठणठणीत आहे, आणि मंडई म्हणजे भाजीबाजार. तिने बाईंकडे पाहिलं, माझ्यावर तिचा विश्वास बसेना. बाईंनी मान डोलावली. तेव्हा तिने विचारलं, "शुअर?" मी म्हटलं, शुअर. मग तिने दप्तर उघडून कंपासपेटी काढली आणि तिच्या तळाशी आठ घड्या घालून ठेवलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. घड्यांवर कागद फाटायला आला होता.

ती रडली नाही, मीही नाही. आमच्याकडे ते पटकन होत नाही. त्याच संध्याकाळी सेंगकांगच्या मॉलमध्ये चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने नंबर काढला आणि मला जरा कडक शब्दांत विचारलं की इतके दिवस काय करत होतात. मी म्हटलं, चूक झाली. दुसरं काय सांगणार? रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, मी शॉट म्हणतो ते तिने मनावर घेतलं नाही." मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने उठून तिच्या खोलीत जाऊन शॉटचाही अर्थ सांगितला. कुणी गोळी घातलेली नाही, एवढं स्पष्ट केलं.

शनिवारी चष्मा आला आणि रविवारी सकाळी साडेसहाला मी तिला उठवलं. सेंगकांगहून लिटल इंडियाला सरळ एमआरटी जाते. तिथल्या टेक्का मार्केटला आम्ही भाजीला अधूनमधून जायचोच, पण मी किंवा नवरा. तिला कधी नेलं नव्हतं, तिला मासळीचा वास सहन होत नसे. त्या दिवशी नेलं. फरशी ओली होती. एक तमिळ भाजीवाला पालकावर पाणी मारत होता आणि एका बाईशी दोन भाषांत वाद घालत होता. पलीकडे मासेवाला सुऱ्याने खटाखट डोकी उडवत होता. गाडा ढकलणारा म्हातारा मागून आला आणि आम्हाला बाजूला व्हायला लावून गेला. सगळे एकदम बोलत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं.

"ही मंडई," मी म्हटलं.

ती नव्या चष्म्यातून बघत राहिली. डोळ्यांना अजून सवय नसल्याने तिला जरा जास्तच दिसत होतं. माशांचे खवले, दुधीवरची लव, भावाच्या पाट्या. मग म्हणाली, "धिस वन इज युवर हेड?"

"हो."

"एव्हरी डे?"

"रविवारी जरा कमी."

तिने नाक दाबलं होतं ते सोडलं. मग मराठीत विचारलं, "ह्याच्यात मी कुठे आहे?"

मी आजूबाजूला पाहिलं. समोर एक बाई भोपळ्याच्या फोडीवर घासाघीस करत होती, दहा मिनिटं करत होती, भाजीवाला वैतागला होता आणि तरी तिच्यासाठी तिसरी फोड कापत होता. मी म्हटलं, "तू गिऱ्हाईक. वैताग असतो गिऱ्हाइकाचा. पण कुणी आलंच नाही तर मंडई कशाला मांडायची?"

तिने त्यावर विचार केला. "ओके लाह," म्हणाली. मग तिने आपण होऊन कोथिंबिरीची जुडी उचलली आणि भाव विचारला.

त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली, ती तिनेच पाडली. काही सांगायचं असलं की ती आधी विचारायची, मंडई उघडी आहे का. मी खरं सांगायचं. "आत्ता बंद आहे, आठ वाजता ये" म्हटलेलं तिला चालायचं; आठ म्हटलं की ती आठला यायची आणि मला हातातलं टाकून बसावं लागायचं. हे माझ्यासाठी नवं होतं. मंडई झाली म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच मला माहीत होतं. मंडईला वेळापत्रक असू शकतं हे एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीने शिकवलं. "तुझ्यापायी" हा शब्द मात्र मी त्या वाक्यातून काढून टाकला. बाकीचं वाक्य तसंच ठेवलं. ते काढलं असतं तर मला कठीण गेलं असतं.

पीएसएलईच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी दुपारी तुआसला फोन वाजला. माझ्यासमोर तिघं उभे होते आणि एक जहाज निघायच्या बेतात होतं.

"आई, मंडई उघडी आहे?"

मी त्या तिघांना हाताने थांबवलं. "उघडी आहे."

शेवटची दोन गणितं राहिली, ती म्हणाली. वेळच पुरला नाही. मग ती पहिल्या गणितापासून सगळा पेपर सांगू लागली, आणि मधेच बसमध्ये कोण कुणाशेजारी बसलं तेही आलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच तिने ते सांगितलं. मी वीस मिनिटं ऐकलं. व्हॉल्व्ह जहाजावर पोहोचला. कसा, ते आता आठवत नाही. फोन ठेवल्यावर आंटीने काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "व्हॉमिट ब्लड." तिने ड्रॉवरमधून टिश्यूचा डबा काढून माझ्यासमोर सरकवला.

गुण ठीक पडले. फार वर नाही, खालीही नाही; मिळाली ती शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, याचाच मला जास्त आनंद झाला.

निकालाच्या दिवशी वर्गशिक्षिकांना काहीतरी द्यावं असं मनात होतं. त्यांनी एक चुकीचा शब्द खरा मानला, आणि खरा नाही हे कळल्यावरही तिथे थांबल्या नाहीत, म्हणून माझ्या मुलीला फळा दिसला आणि मला मुलगी. पण तिकडे शिक्षकांनी भेटवस्तू घेण्याबद्दल नियम असतात आणि मला त्यांना अडचणीत आणायचं नव्हतं. म्हणून आदल्या रविवारी टेक्काहून कोथिंबिरीची एक जुडी जास्त घेतली, ओल्या कागदात गुंडाळून ठेवली आणि मुलीबरोबर शाळेत नेली. बाईंनी कागद उघडून पाहिला. मुलीने त्यांना सांगितलं, "फ्रॉम माय मदर्स हेड."

बाई म्हणाल्या, याच्याबद्दल काही नियम असेल असं वाटत नाही. मग त्यांनी जुडीचा वास घेतला आणि ती पर्समध्ये ठेवली. देठं बाहेर डोकावत होती. दिवसभर त्या तशाच पर्स घेऊन पालकांना भेटत होत्या.